विमान पडलं त्या ओहोळाचं नाव

माझ्या सासूबाईंचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. उगाच आग्रह धरू नका. आमच्याकडे सासू आणि जावई एकमेकांचं नाव घेत नाहीत, त्या नावासारखा दुसरा शब्द असला तर तोही टाळतात. लग्न झाल्यापासून ते नाव माझ्या तोंडून एकदाच बाहेर पडलंय, आणि त्याच दिवशी माझं नाव त्यांच्या तोंडून पडलं. सगळ्या किनाऱ्यावर अशी निर्लज्ज जोडी दुसरी सापडायची नाही, असं माझे मामेसासरे लीनस अजून सांगत फिरतात. फिरू देत बापडे. त्यांना दुसरं काम तरी काय आहे?

माझं स्वतःचं नाव मात्र मी खुशाल घेऊ शकतो. मालेको. मालेको म्हणजे आमच्या बोलीत ते उंच झाड, ज्याच्या बिया दगडानं फोडून खातात. माझ्या आईला त्या झाडाखाली कळा सुरू झाल्या म्हणून मी मालेको. आमच्या तारोच्या, म्हणजे अळकुड्यांच्या, मळ्यांच्या वर, जंगलात एक ओहोळ आहे, त्याच्या दोन्ही काठांना हीच झाडं, म्हणून तोही मालेको. गावात कुणाला यात काही अडचण नव्हती. मी ओदिलियाशी लग्न केलं आणि अडचण झाली. त्या दिवसापासून तिच्या आईला ना मला हाक मारता येई, ना झाडाचं नाव घेता येई, ना ओहोळाचं. मला त्या 'अहो कारकून' म्हणत. झाडाला आणि ओहोळाला म्हणत 'कोवाका'. कोवाका म्हणजे टणक. सासूबाईंची पद्धतच ती, एखादी गोष्ट म्हणता येत नसेल तर गप्प बसायचं नाही, दुसरा शब्द शोधायचा.

त्या ओहोळाच्या काठी लढाईतलं विमान पडलेलं आहे. दोन इंजिनांचं. एक इंजिन जागेवर, दुसरं ओहोळाच्या पार, शेवाळात. डाव्या पंखावर पांढरा तारा आहे, पण तो ओल्या फडक्यानं पुसला तरच दिसतो. आणि तो पुसायचं काम गेली कित्येक वर्षं सासूबाई करतात. दर शनिवारी सकाळी कोयता खांद्यावर टाकायचा, केळीच्या पानात भाजलेलं रताळं बांधून घ्यायचं आणि वर जायचं. वेली तोडायच्या, पंखाखालचा पाला काढायचा, तारा पुसायचा. पाऊस असो, ऊन असो, गुडघा दुखत असो. मी एकदा ओदिलियाला म्हटलंसुद्धा, "तुझी आई चर्चमध्ये रविवारी एक वेळ उशिरा जाईल, पण शनिवारी विमानाकडे वेळेवर." ओदिलिया म्हणाली, "तिच्यासमोर म्हणून दाखवा." मी म्हटलं नाही. मला जीव प्यारा आहे.

गावातले बाकी सगळे त्या विमानाकडे पत्र्याचं दुकान म्हणून बघायचे. आमच्या आधीच्या पिढीतल्या पुरुषांनी त्याच्या पत्र्याचे कंगवे कापले. फार सुरेख कंगवे, बारीक दात, वर पक्षी कोरलेला. मुलीला असा कंगवा दिला की पुढचं बोलायची गरजच नसे. माझ्या दिवंगत सासऱ्यांनीही एक करून सासूबाईंना नेऊन दिला. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या. त्यांनी कंगवा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कुठून कापला?" सासरे अभिमानानं म्हणाले, "डाव्या पंखातून." सासूबाईंनी तो त्यांच्या हातात परत दिला. "जिथून कापलात तिथे नेऊन ठेवा. मग लग्नाचं बघू." सासरे बिचारे वर गेले, कंगवा पंखाच्या भोकात तारेनं बांधून आले, तेव्हा कुठे लग्न झालं. तो कंगवा अजून तिथेच आहे.

माझीही तीच गत. लग्नाच्या आधी मी त्याच विमानाचा वीतभर पत्रा काढून माझ्या होडीला ठिगळ लावलं होतं. सासूबाईंनी होडी किनाऱ्यावर उलटी करायला लावली, ठिगळ उचकटायला लावलं आणि सगळ्या बायकांसमोर मला म्हणाल्या, "माझ्या भावाच्या अंगावरचं पांघरूण आहे ते. दुसऱ्याचं पांघरूण चोरून होडी तरंगत नसते."

भाऊ म्हणजे खराच भाऊ. लढाईत आमचं गाव किनारा सोडून जंगलात पळालं होतं. बॉम्ब पडत होते. सासूबाईंच्या आईला दिवस भरलेले. विमान पडून तेव्हा महिना झाला होता, आणि पाऊस लागू नये म्हणून बायकांनी तिला त्याच्या पंखाखाली नेलं. तिथे मुलगा झाला. सहा दिवस जगला. तिथेच, डाव्या पंखाखाली पुरला. सासूबाई त्यानंतर सहा वर्षांनी जन्मल्या, लीनसमामा नवव्या वर्षी. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, पण लढाईत मेलेली मुलं काय थोडी होती? कुणी तिचं ओझं घेऊन फिरत नव्हतं. आईनं मरताना मुलीला सांगितलं, त्याला उघडा पडू देऊ नकोस. मुलीनं ते मनावर घेतलं. गोष्ट एवढीच आहे.

आणि आता माझ्या मनातला एक सल सांगून टाकतो, कारण तो पुढे लागणार आहे. मी ओदिलियाला मागणी घातली तेव्हा सासूबाई दोन दिवस रडल्या. जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उठून 'हो' म्हणाल्या. का रडल्या ते कुणालाच सांगितलं नाही. मी समजायचं ते समजलो. आमच्या घरी डुकरं कमी, माझे पाय फताडे, वर होडीच्या ठिगळाचं प्रकरण. बाईला जावई पसंत नव्हता, मुलीच्या हट्टापुढे नमली. पंधरा वर्षं मी हे मनात ठेवून त्यांच्या अंगणात वावरलो.

आमच्या लग्नाला चार महिने झाले होते तेव्हा सरकारचा एक माणूस आला होता. लढाईतल्या पडलेल्या वस्तूंची यादी करत गावोगाव हिंडत होता. मी त्या आठवड्यात कारकुनीचं पुढचं शिकायला शहरात होतो. ओदिलियाला उलट्या होत होत्या, ती झोपून. जमीन सासूबाईंच्या कुळाची, म्हणून त्यांनीच त्याला वर नेलं. त्यानं विमान मोजलं, आकडे उतरवले आणि त्यांना कायदा समजावून सांगितला. लढाईत पडलेली वस्तू देशाची असते, आणि यादीत नोंद झाली की ती कुणी हलवू शकत नाही, विकू शकत नाही, जमिनीच्या मालकानं परवानगी दिली तरी नाही.

सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे सरकारचाही टाम्बू आहे?"

तो हसला. "हो मावशी, टाम्बूच."

आमच्याकडे टाम्बू म्हणजे मनाई. आणि सासू, जावई, सून, मेहुणा, लग्नानं जोडलेलं कुणीही, तेही टाम्बूच. एकच शब्द. पाहुण्यांना यात गंमत वाटते, आम्हाला त्यात वेगळं काही दिसत नाही. सासूबाईंना तो कायदा इतका आवडला की मी परत आल्यावर त्यांनी मला वाळूत तो शब्द लिहायला लावला, आणि बघून बघून, लाल रंगानं, खोबरं वाळवायच्या भट्टीच्या पत्र्यावर काढला. एक अक्षर उलटं पडलं. पाटी तशीच लावली.

त्यांनी मला हे सगळं सांगितलं, फक्त एक गोष्ट सोडून. त्या माणसानं शेवटी विचारलं होतं, "या जागेचं नाव काय?" आणि सासूबाईंनी नेहमीच्या सवयीनं सांगितलं होतं, "कोवाका."

आता दुर्दैव असं, की कोवाका नावाचं एक खरंखुरं गाव आहे. खाडीच्या पलीकडे, होडीनं दीड दिवसावर. तिथे विमान नाही, काही नाही, डास तेवढे आहेत.

पंधरा वर्षांनी आमच्या किनाऱ्याला एक सपाट तळाची बोट लागली. तिच्यावर क्रेन, लोखंडी दोर, आणि हॅलोरन नावाचा परदेशी माणूस. जुनी विमानं नेऊन, दुरुस्त करून, श्रीमंतांना विकायचा त्याचा धंदा. माणूस वाईट नव्हता हो, आमची भाषा फर्डी बोलायचा, सुपारीसुद्धा चुना लावून खायचा आणि आमच्यासारखीच लांब पिचकारी मारायचा. त्यानं शाळेला पत्रे आणि गावाला होडीची मोटर द्यायचं कबूल केलं. लीनसमामांनी त्याला डब्यातला मासा आणि भात वाढला आणि कुळाच्या वतीनं कागदावर अंगठा उमटवला. कूळ आईकडून चालतं, पण बोलायला भाऊच उभा राहतो. बोलायला म्हणजे विकायलाही, असं मामांचं म्हणणं.

सासूबाई थेट त्यांच्या दारात. मी कुंपणाबाहेर उभा होतो, सगळं ऐकू येत होतं.

"लीनस, कुणाला विचारून अंगठा दिलास?"

"ताई, शाळा गळते. तुझीच नातवंडं भिजतात."

"शाळेसाठी गवत मी कापून आणते. आपल्या भावाला काय घालू अंगावर?"

"साठ वर्षं झाली गं! मातीत माती झाली त्याची. त्याला नावसुद्धा नव्हतं."

सासूबाई पाठ फिरवून पायरी उतरल्या. मला वाटलं, भाऊ जिंकला. मग म्हणाल्या, "सरकारचा टाम्बू आहे त्याच्यावर. यादीत आहे. तुझा अंगठा घाल चुलीत."

मामांना घाम फुटला खरा. पण हॅलोरन कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं यादीची प्रत आणली होती. ती प्रत त्यानं माझ्यापुढे धरली. "वाच कारकून." मी वाचलं. विमान, एक, दोन इंजिनं, कोवाका ओहोळाजवळ. दाखवणारी बाई म्हणून सासूबाईंचं नाव. माझे डोळे त्या नावावरून बाजूला सरकले, सवयच तशी.

"हे कोवाका आहे का?" हॅलोरननं विचारलं.

"नाही."

"मग यादीतलं विमान तिकडे, आणि हे यादीत नसलेलं विमान इकडे. कुळाची संमती मिळाली की हे न्यायला मोकळं. बरोबर?"

मला तेव्हा सगळं कळलं आणि कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. मीच तो मालेको. माझं नाव लाज राखायला सासूबाईंच्या तोंडात अडकलं आणि कायदा दीड दिवसावरच्या डासांची राखण करत बसला!

मी तालुक्याच्या कचेरीला वायरलेसवरून निरोप धाडला. दोन दिवसांनी तिथले अधिकारी तोवाई होडीनं आले. जाडे, शांत, सारखा घाम पुसणारे गृहस्थ. खोबऱ्याच्या शेडमध्ये सगळं गाव जमलं. नोंद घ्यायला कारकून म्हणून मी टेबलाशी. सासूबाई बायकांच्या बाजूला, माझ्याकडे पाठ करून, त्यांच्या वेगळ्या चटईवर. शेडच्या दारातून किनाऱ्यावरची क्रेन दिसत होती. हॅलोरनच्या माणसांनी इंजिन चालू ठेवलं होतं.

तोवाईंनी नियम सांगितला. "नोंद चुकली असेल तर दुरुस्त करता येते. आज, इथेच. पण ज्यानं ती माहिती दिली त्यानंच स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं, की चूक झाली, खरी जागा अमुक. यादी करणारे साहेब वारले. मग राहिलं कोण?"

"मी सांगते ना," ओदिलिया उठली. "जागेचं नाव मालेको. माझ्या आईला ते घेता येत नाही. हा माझा नवरा, त्याचं नाव मालेको."

शेडमध्ये खसखस पिकली. हॅलोरननं मान हलवली. "ताई, तू त्या दिवशी तिथे होतीस का?"

"नव्हते. पण सगळ्या गावाला माहिती आहे."

"सगळ्या गावाचं आता भांडण चाललंय. जो तो सोयीचं बोलणार. साहेब, बाईंनी एकदा कोवाका सांगितलं. आता दुसरं काही सांगायचं असेल तर बाईंनीच सांगावं."

तोवाईंनी घाम पुसला. त्यांच्याकडेही टाम्बू पाळतात, त्यांना काय मागितलं जातंय ते नीट कळत होतं. "कायद्यानं त्यांचं म्हणणं बरोबर आहे," ते हळू म्हणाले. "मावशी, लिहून द्याल का?"

"लिहिता येत नाही मला," सासूबाई म्हणाल्या. "पाटीवरचं अक्षरसुद्धा उलटं काढलंय."

"बोटानं दाखवाल?"

हॅलोरन हसला. "या शेडमधून बोट दाखवलं तर अर्धं बेट येईल त्यात."

लीनसमामा खांबाला टेकून सुपारी चघळत बसले होते. ते उठले नाहीत. त्यांनी नुसतं एक वाक्य टाकलं, अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं. "ताई बोलणार नाही. माझी बहीण आहे ती. जावयाचं नाव भर सभेत घेऊन आईबापाचं नाक कापणारी नाही."

मला त्या माणसाचा इतका राग आला की मी पेन्सिल टेबलावर आपटली. दिलेला अंगठा मामा स्वतः मागे घेऊ शकत होते. एक शब्द, आणि बहिणीची सुटका. पण बहिणीची लाजच त्यांनी मोटरीसाठी गहाण टाकली. मी उठून म्हणालो, "साहेब, मी सांगतो—"

"कारकून, तुम्ही नोंद लिहा," तोवाई म्हणाले. "तुम्हीही तिथे नव्हता."

मग सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. चटईवरून उतरून त्या शेडच्या मधोमध आल्या, आणि माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे समोरून बघितलं. आम्ही कधी असं बघत नाही. मी मान खाली घालायला हवी होती, पण घातली नाही.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मघापासून सगळे म्हणताहेत, बाई जावयाचं नाव घ्यायला लाजते. हो, लाजते. लाज आहे म्हणून लाजते. पण आज तुम्ही जे नाव मागताय ते जावयाचं नाही. जावयाच्या आधी ते ओहोळाचं होतं. आणि ओहोळानंतर माझ्या भावाचं."

लीनसमामांचं चघळणं थांबलं.

"माझा भाऊ म्हणतो, त्या पोराला नाव नव्हतं. होतं. आमच्याकडे नाळ गळल्यावर नाव ठेवतात, आणि त्याची गळली नव्हती. पण आईला कळलं होतं तो जगत नाही. बिननावाचं कसं पुरायचं? म्हणून तिनं त्याला त्या ओहोळाचं नाव ठेवलं. ते तिला ठाऊक आणि मला ठाऊक. आई गेल्यावर एकट्या मला ठाऊक. मी वर जाऊन पंख पुसायची तेव्हा त्याला हाक मारायची. दर शनिवारी. मग माझ्या मुलीनं लग्न ठरवलं. जगात हजार पोरं, तिनं नेमकं त्या नावाचं निवडलं."

त्या एक पाऊल टेबलाकडे आल्या.

"दोन दिवस रडले मी. पोरगा चांगला होता. ठिगळ चोरलं होतं, पण सगळ्यांसमोर उचकटून परत केलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं, आणि हो म्हटलं तर भावाला पुन्हा कधी हाक मारता येणार नव्हती. हो म्हटलं. पंधरा वर्षं मी त्याला हाक मारली नाही साहेब. आता तुम्ही म्हणताय, नाव घेतलं नाही तर त्याला क्रेननं उघडा पाडतील."

बाहेर इंजिन धडधडत होतं तेवढंच.

"लिहा. त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. जागेचं नाव कोवाका नाही." त्यांनी श्वास घेतला. "मालेको. तिथे माझा भाऊ आहे. त्याचंही नाव मालेको. मालेको. झालं? लिहिलंत?"

बायकांनी तोंडावर हात घेतले. म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. सासूबाई तिथेच उभ्या होत्या, ताठ, कमरेच्या कापडाचं टोक मुठीत आवळून, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. लाजेनं आणि कशानं कशानं ते मी काय सांगू? शेवटचा शब्द लिहून मी पेन्सिल खाली ठेवली. पंधरा वर्षं मी फताडे पाय आणि डुकरं मोजत बसलो होतो. त्या बाईनं माझ्यासाठी काय तोंडातून काढून ठेवलं होतं, ते मला आज कळत होतं, आणि तेही सगळ्या गावासोबत.

"कारकून," तोवाई म्हणाले, "जबाब वाचून दाखवा. सुरुवातीपासून. त्याशिवाय पक्का होत नाही."

जबाबाची सुरुवात कशी असते? 'मी, अमुक अमुक.' इतकी वर्षं गावच्या कागदांत जिथे जिथे सासूबाईंचं नाव आलं तिथे मी नावाऐवजी नुसतं 'रेघ' म्हणून पुढे वाचायचो, आणि सगळे समजून घ्यायचे. लीनसमामा म्हणालेच, "रेघ वाच, रेघ."

हॅलोरन लगेच म्हणाला, "रेघेचा जबाब मला चालणार नाही."

त्याच्या मनात कायदा होता. माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. ती बाई शेडच्या मधोमध एकटी उभी होती, आणि लाज सगळी तिच्या एकटीच्या पदरात. मी उभा राहिलो. मी कागद वर धरला आणि रेघ न म्हणता, खणखणीत आवाजात, त्यांचं पूर्ण नाव वाचलं. बाप्तिस्म्याचं आणि घरचं, दोन्ही. मग पुढचा सगळा जबाब.

ओदिलियानं कपाळाला हात लावला. "आता दोघं बुडाले," ती म्हणाली.

"दोघं बुडालो तर बरं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "एकटीला पोहता येत नाही."

त्यावर जे हसू फुटलं ते शेडच्या छपराला लागलं. म्हातारे हसले, बायका हसता हसता रडल्या. तोवाईंनी यादीवरची जुनी ओळ खोडली, वर नवी लिहिली, सही केली, शिक्का मारला. हॅलोरननं कागद दोनदा वाचला. मग टोपी काढली आणि सासूबाईंना म्हणाला, "आजी, मला थडग्याचं कुणी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या.

दुपारच्या भरतीला बोट गेली. मोटरही गेली, पत्रेही. काही लोक आमच्यावर वर्षभर फुरंगटून होते, आणि ते मला समजतं, शाळा खरंच गळत होती. सासूबाईंनी शब्द पाळला. साबूच्या झाडाची पानं स्वतः शिवून त्यांनी शाळेचं अर्धं छप्पर घातलं. उरलेलं अर्धं लीनसमामांनी घातलं, मुकाट्यानं, बहिणीच्या शेजारी बसून. त्यांच्यात काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण पुढच्या शनिवारी मामाही कोयता घेऊन वर गेले, जन्मात पहिल्यांदा.

नाव घेतल्याची भरपाई म्हणून सासूबाईंनी मला एक डुक्कर दिलं आणि मी त्यांना एक. आकारानं सारखीच. एकाच खड्ड्यात, तापल्या दगडांवर, तारोबरोबर दोन्ही भाजली आणि सगळ्या गावानं खाल्ली. त्यानंतर सगळं पूर्वीसारखं. त्या मला 'अहो कारकून' म्हणतात. मी त्यांचं नाव घेत नाही. तुम्हाला हवंच असेल तर वर जा. सरकारनं नवी पाटी लावलीय, कायद्याचं कलम, जागेचं नाव आणि खाली राखणदार म्हणून त्यांचं नाव. वाचता येत असेल तर वाचा.

त्यांना वाचता येत नाही. म्हणून आता शनिवारी मीही बरोबर जातो, दहा पावलं मागून, रिवाजाप्रमाणे. त्या पाला काढतात, तारा पुसतात, पंखातला कंगवा जागेवर आहे ना बघतात. मग पंखाखाली बसतात, माझ्याकडे पाठ करून, आणि म्हणतात, "अहो कारकून, पाटीवर काय लिहिलंय?"

पाटीवर काय लिहिलंय ते त्यांना पाठ आहे. पण माझं नाव मला घेता येतं, आणि त्यांना येत नाही. मी पाटीपुढे उभा राहतो आणि मोठ्यानं वाचतो.

"मालेको."

"परत," त्या म्हणतात.

मी परत वाचतो.